चौदा हात मांजरपाट

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी फरज बाशमेल डोक्याला फेटा बांधू लागला, तेव्हा पेकालोंगानच्या अरब मोहल्ल्याला कितीतरी महिन्यांनी हसायला काहीतरी मिळालं.

जपानी अंमलाचं ते तिसरं वर्ष होतं. जावात तांदूळ पिकत होता, पण तो कुणाच्या पोटात जात होता हे विचारायची सोय नव्हती. घरोघरी वाळवलेल्या कसाव्याचं पीठ शिजत होतं, कॉफी म्हणून भाजलेला मका उकळला जात होता. आणि कापड तर जगातून नाहीसंच झालं होतं. ज्या गावाने साऱ्या बेटाला रंगीत लुंग्या नेसवल्या, त्या गावच्या बायका तागाची पोती कापून अंगाला लपेटत होत्या. अशा दिवसांत हा कापडवाला म्हातारा डोक्यावर कलिंगडाएवढा पांढरा शुभ्र फेटा मिरवत रोज सकाळी स्टेशनच्या रस्त्याने निघायचा.

"काय अमी, या वयात पीर व्हायचं ठरवलंत की काय?" कोपऱ्यावरच्या ओट्यावरून सालेह बावझीर विचारायचा. मोहल्ल्यात वडीलधाऱ्याला अमी म्हणत, म्हणजे काका. "फेटा एवढा, की खाली माणूस आहे का ते वाकून बघावं लागतं."

"डोकं असलं की फेटा लागतो," फरज न थांबता म्हणायचा. "तुझी ती काळजी मिटलेली आहे."

त्याची मुलगी मुझना हे सगळं दारातून ऐकायची आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मौलवी-हाजींच्या फेट्याला जपानी सहसा हात लावत नसत, हे तिला ठाऊक होतं. पण बाप ना मौलवी ना हाजी. सोळाव्या वर्षी अरबस्तानातल्या हद्रमौतच्या कोरड्या दरीतून बोटीने इथे आला, डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगाव कापड विकलं, मग दुकान थाटलं. बावन्न वर्षं झाली, तरी जावातली भाषा त्याला धड बोलता येत नव्हती. बाजारात त्याची ख्याती एकच: बाशमेलच्या दुकानात माप चोख, पण बोटभर कापड जास्त मिळायचं नाही. नवरी असो की बाळंतीण, फरजचा अंगठा जिथे पडायचा तिथेच कापड फाटायचं. मुझनाने लहानपणापासून हे पाहिलं होतं. बापाला ती भीत नव्हती, मानतही होती. पण हा मनाने आखूड माणूस आहे, हे तिने केव्हाच स्वतःशी मान्य करून टाकलं होतं.

तिचा नवरा अवद लढाईच्या आदल्या वर्षी आजारी आईला भेटायला हद्रमौतला गेला आणि समुद्र बंद झाला. तीन वर्षं झाली, पत्र नाही की निरोप नाही. तेव्हापासून ती बापाच्या घरी होती.

फेट्याच्या पाठोपाठ तिला आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, सकाळी फेटा बांधून गेलेला बाप दुपारी बोडक्याने परत यायचा. दुसऱ्या दिवशी, नाहीतर दोन दिवसांनी, डोक्यावर पुन्हा नवाकोरा फेटा. दुसरी म्हणजे तिची गादी. जपानी आले तेव्हापासून ती या गादीच्या नावाने बोटं मोडत होती. सावरीच्या कापसाची गादी म्हणायची, आणि झोपलं की फळीवर झोपल्यासारखं. "कापूस जुना झाला की घट्ट होतो," बाप सांगायचा. आता तीच गादी हलकी आणि पातळ होत चालली होती. आधी लोड गेले, मग उशा चपट्या झाल्या, आणि एका सकाळी कूस बदलताना तिच्या कोपराला खालची बाज लागली.

तिने शिवण उसवून पाहिली. आत सावरीचा कापूस नव्हताच. पदरावर पदर घडी घातलेलं, कोरं, पांढरं मांजरपाट होतं.

जपान्यांनी कापड जाहीर करायचा हुकूम काढला, त्या दिवशी बापाने साऱ्या बाजारासमोर साठ ताके मोजून दिले होते आणि वर वाकून नमस्कारही केला होता. लपवलेलं कापड सापडलं तर माणूस परत येत नाही, हे पोरासोरांनाही माहीत होतं. आणि ती अडीच वर्षं त्यावर झोपत होती.

तिने शिवण पुन्हा घातली. बापाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं ऐकावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी तो निघाला तशी तीही डोक्यावरून काळी ओढणी घेऊन शंभर पावलं मागे चालू लागली.

निघताना बापाने परसातल्या बोरीचा ओंजळभर पाला तोडून खिशात कोंबला, तेही तिने पाहिलं.

रेल्वेच्या फाटकापाशी जपानी पहारेकरी उभा होता. त्याच्यासमोर प्रत्येकाला कमरेतून वाकावं लागायचं. कमी वाकलं तर थप्पड. फरज वाकला. तो फेट्याचा डोलारा एका हाताने सावरत तो असा काही वाकला, की पहारेकऱ्याच्या ओठांची कड हलली. मुझनाही वाकली आणि पलीकडे गेली.

स्टेशनच्या मागे चिंचेची झाडं होती. त्यांच्याखाली माणसं पडलेली होती. खेड्यापाड्यांतून मजुरीसाठी धरून आणलेली माणसं. जपानी त्यांना रोमुशा म्हणत. गाड्या भरभरून ती कुठे खाणींवर, कुठे रुळांवर जायची, आणि जी चालेनाशी व्हायची ती वाटेत स्टेशनांवर उतरवली जायची. बरगड्या, सुजलेले पाय, कमरेला पोत्याचा तुकडा. काहींना तोही नाही. मुझनाने नजर खाली केली आणि तोंडावर ओढणी धरली.

झाडांपलीकडे गवताने शाकारलेलं एक लहानसं नमाजघर होतं. त्याची देखभाल करणारा तासरिप नावाचा जावानीज म्हातारा विहिरीचं पाणी काढत होता. लोक त्याला पाक म्हणत, म्हणजे बाबा. फरज मागच्या अंगाला गेला. मुझना बांबूच्या कुडाला डोळा लावून उभी राहिली.

फळीवर एक मेलेला माणूस होता. वय पंचवीस असेल, नाहीतर पन्नास. कळायला मार्ग नव्हता. तिच्या बापाने, जो घरी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला कधी भरून घेत नसे, बाह्या कोपराच्या वर सारल्या, बोरीचा पाला पाण्यात चुरगळला, आणि त्या माणसाला धुवायला सुरुवात केली. आधी उजवी बाजू, मग डावी. पायांवरच्या जखमांशी हात आला की तो हलका व्हायचा, जणू समोरच्याला अजून दुखतंय. आणि तो बोलत होता. घरात दिवसाकाठी दहा शब्द न बोलणारा बाप आपल्या दरीतल्या अरबीत त्या परक्या माणसाशी बोलत होता.

"झालं हं. आता हा हात दे. किती घासलेत हे हात, माझ्या राजा. कुणाचा तू? आई आहे का? असेल. पाणी गार आहे, मला माहिती आहे. झालंच."

मग त्याने डोक्यावरचा फेटा उतरवला. एक टोक तासरिपने धरलं, दुसरं त्याने. चौदा हात मांजरपाट उन्हात लांबलं. बोटांनी चाचपत, डोळे मिटून, त्याने दोन जागी अंगठा टेकवला आणि फाडलं. तीन कापडं, तिन्ही मापात. त्या आवाजावर मुझना वाढली होती. तो आवाज म्हणजे तिच्यासाठी दुकान, गिऱ्हाइकाची घासाघीस, बापाचा चिकटपणा. आज त्याच आवाजाने तिच्या अंगावर काटा आला. तिला वाटलं, आपण चौतीस वर्षं या माणसाची लेक आहोत आणि याला आज पहिल्यांदा पाहतोय. तिचे गुडघे आपोआप टेकले. कुणी हुकूम केला नव्हता.

"म्बोक, कुडाला टेकू नका, पडेल तो," आतून तासरिपचा आवाज आला. जावात बाईमाणसाला म्बोक म्हणत. "आत या. पाणी ओढायला माणूस हवाच आहे."

फरजने मान वर केली. लेकीला पाहून तो चोरी पकडल्यासारखा लाजला.

परतताना वाटेत मुझनाने विचारलं, "अबा, हे कापड तुम्ही यासाठी लपवलं होतं?"

"खोटं कशाला बोलू," फरज म्हणाला. "महाग झालं की विकायला लपवलं होतं. तू तेगालला नणंदेकडे होतीस त्या आठवड्यात. ढेकूण झालेत म्हणून सगळ्या गाद्या उसवल्या आणि आठ ताके आत घातले. लढाई संपली की गावात कापडवाला मी एकटा. असा हिशोब."

"मग?"

"रमजानात स्टेशनवर एकाला पाणी पाजलं. त्याला जाणारे-येणारे सांगत असावेत, हा कापडवाला म्हणून. त्याने माझी बाही धरली. मला वाटलं अंगावर घ्यायला मागतोय. मी म्हटलं, नाही, कापड नाही. तर म्हणाला, आत्ता नको. मेल्यावर दे. असा उघडा जायची लाज वाटते. मी घरी आलो. तुझ्या आईच्या लोडावर डोकं ठेवलं, तर ते डोक्याला टोचायला लागलं. सकाळी कापड डोक्याला गुंडाळून गेलो, तोवर तो गेला होता. केळीच्या पानात गुंडाळत होते. त्याचा पहिला फेटा."

त्या दिवसापासून मुझना बरोबर जाऊ लागली. ती पाला तोडायची, पाणी ओढायची, गादीची शिवण उसवून पुन्हा घालायची. लोक हसायचे, "आता लेकही या पिराची मुरीद झाली, चेली." ती हसू देत होती. कधी आठवड्यात एक मेलेला असायचा, कधी एका दिवशी तीन. तीन असले की बाप दोन फेरे मारायचा आणि लेक ओढणीखाली कमरेला एक कापड गुंडाळून न्यायची.

आणि पावसाळा सरता सरता एका सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने फरजला थांबवलं.

हा तोच पोरगेला शिपाई होता, ज्याचे ओठ हलायचे. त्या दिवशी त्याच्या शेजारी मोठा अंमलदार उभा होता आणि एक दुभाषी. शिपायाने संगिनीचं टोक फेट्यात खुपसलं आणि वर उचललं. एक पदर सुटला. मग दुसरा. शिपाई मागे मागे जात राहिला आणि कापड सुटत राहिलं, रुळांवरून, खडीवरून, पार पलीकडच्या खांबापर्यंत. फाटकापाशी खोळंबलेली माणसं पाहत होती. त्यांच्यातल्या कित्येकांनी दोन वर्षांत एवढं कोरं कापड पाहिलं नव्हतं. मुझना दहा पावलांवर होती. तिच्याही कमरेला चौदा हात होतं.

"हे काय आहे?" दुभाष्याने विचारलं.

"माझं कफन," फरज आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "आमच्यात म्हातारा माणूस आपलं कफन बरोबर ठेवतो. कुठे पडेल सांगता येत नाही."

अंमलदार काहीतरी बोलला. दुभाष्याने फिरवून सांगितलं, "ते विचारतात, हा शिपाई म्हणतो तू रोज जाताना बांधून जातोस आणि येताना बोडका येतोस. तू रोज मरतोस का?"

फरजने जरा विचार केला. "या वर्षी, साहेब, होय," तो म्हणाला.

दुभाष्याने ते तसंच सांगितलं की बदलून, हे कुणाला कळलं नाही. अंमलदाराने फरजच्या तोंडात मारली. म्हातारा पडला, उठला, पुन्हा कमरेतून वाकला. त्याला मोटारीत घालून नेलं. लेकीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिलाही नेलं असतं.

मुझना पाय ओढत पुढे चालत राहिली. घरी पळावं असं सारं अंग सांगत होतं. पण चिंचेखाली तासरिप वाट पाहत असणार आणि फळीवर कुणीतरी असणार. ती नमाजघरी गेली, कमरेचं कापड सोडलं आणि म्हणाली, "पाक, आज फाडायला मीच आहे."

"येतं का?"

"माहीत नाही. लहानपणापासून ऐकलंय मात्र."

तिने डोळे मिटून अंगठा टेकवला. तीन तुकडे झाले. एक बोटभर आखूड पडला, तेव्हा तिला पहिल्यांदा रडू आलं.

दुपारी घराची झडती झाली. कपाटं उपडी केली, फरशा ठोकून पाहिल्या, परस खणला. झडती घेणारा म्होरक्या दमून तिच्या गादीवर बसला, पाय पसरले आणि प्यायला पाणी मागितलं. मुझनाने पाणी दिलं. पेला हातातून सुटू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. त्याला तो आदर वाटला.

अकरा दिवस ती एकटी गेली. दोनदा सालेह बावझीरची बायको रगवान न विचारता तिच्याबरोबर आली, पोत्याच्या लुगड्याखाली कापड लपेटून, पाण्याला चाललोय असं दाखवत. त्या घरात काय बोलणं झालं असेल ते असो, पण ओट्यावरचे टोमणे थांबले. बाराव्या दिवशी सकाळी फरज दारात उभा राहिला. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. आत काय झालं हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. खाली बसून त्याने एवढंच विचारलं, "किती जण होते?"

"सात," मुझना म्हणाली.

"कसे होते? एकेक सांग."

तिला वाटलं, तो सहज विचारतोय. पण तो मान पुढे करून, चांगला कान तिच्याकडे वळवून ऐकत होता. कुणाच्या अंगावर कसली खूण, कुणाचे दात कसे, कुणाला कुठे ठेवलं. तिला काही आठवत नव्हतं तिथे तो रागावला. "धुतलं ना त्याला तासरिपने? तू पाणी दिलंस ना? मग पाहिलं का नाहीस?"

तो हे का विचारत होता, हे कळायला लढाई संपावी लागली.

कापड त्या आधीच संपलं. शेवटचा तुकडा गेला तेव्हा ते रिकाम्या खोळीवर झोपत होते. मग ऑगस्टात जपान हरला. रस्त्यांवर नवे झेंडे आले, नव्या मारामाऱ्या आल्या, आणि त्या सगळ्या गोंधळातून खेड्यापाड्यांतली माणसं आपली हरवलेली माणसं शोधत निघाली. स्टेशन-स्टेशन करत ती यायची. नमाजघरामागे एकेचाळीस मातीचे उंचवटे होते. त्यांवर रोवलेल्या लाकडी खुणा लोकांनी केव्हाच सरपणाला नेल्या होत्या. कागदावर कुणीच काही लिहिलं नव्हतं. लिहिलेलं सापडलं असतं तर सगळेच गेले असते.

पहिला आला तो दक्षिणेकडचा एक शेतकरी. तासरिप त्याला घरी घेऊन आला. मुझना दुभाषी झाली.

"भाऊ होता," शेतकरी म्हणाला. "डाव्या खांद्याला रेड्याचं शिंग लागल्याची खूण. लांब, अशी."

फरजने डोळे मिटले. मांडीवर त्याचे हात हलू लागले, उजवीकडून डावीकडे, पाणी घालावं तसे.

"डाव्या नव्हे, उजव्या," फरज म्हणाला. "तू त्याच्या समोर बसायचास, म्हणून तुला डावी आठवते. उजव्या खांद्यापासून बगलेपर्यंत. आणि कानाची पाळी फाटलेली."

शेतकऱ्याने समोर कुणीतरी बसलं आहे असं धरून हात उचलला. मग दुसरा उचलला. मग त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले.

फरज उठला, काठी घेतली आणि त्याला नमाजघरामागे घेऊन गेला. दुसरी ओळ, भिंतीकडून चौथा. "हा," तो म्हणाला.

एकेचाळीसच्या एकेचाळीस त्याच्या डोक्यात होते. ज्याला शेजाऱ्यांच्या मुलांची नावं आठवत नसत, त्या माणसाने प्रत्येकाचे गुडघे, जखमा, जन्मखुणा, हातावरचे घट्टे जपून ठेवले होते. दुकानात शेकडो ताक्यांतला कोणता कुठल्या थरात आहे हे तो न बघता सांगायचा. तसाच हाही साठा त्याने लावून ठेवला होता. बातमी पसरली तशी माणसं येत राहिली. काहींना तो म्हणायचा, "असा माणूस माझ्या हाताखालून गेला नाही. गेला असता तर मला कळलं असतं. पुढे शोध, जिवंत असेल." आणि ती माणसं त्याचे पाय धरून, जवळजवळ पळतच निघून जायची. मुझना त्यांना दारापर्यंत सोडायची. हद्रमौतहून तिला स्वतःला अजून पत्र नव्हतं. असंच कुणीतरी तिथे बसलं असेल का, अशी विद्या कुणाला असेल का, असं तिच्या मनात यायचं. अशा वेळी बापाच्या वाकड्या बोटांकडे तिला धड बघवत नसे. मान आपोआप खाली जायची.

एकदा वोनोगिरीकडून एक म्हातारी आली. सहा दिवस चालत आली होती. अंगावर पोतं होतं. ओट्यावर बसायला सांगितलं तरी ती खालीच बसली.

"माझा मुलगा. पाइमिन नाव," ती म्हणाली. "उजव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जोडलेली."

फरजने डोळे मिटले. हात हलले आणि पायापाशी येऊन थांबले.

"नखं दातांनी खायचा का?"

"किती मारलं तरी सवय गेली नाही," म्हातारी म्हणाली. आणि मग आपण काय ऐकलं ते तिला समजलं.

तिला जागेवर नेलं. चौथी ओळ, शेवटून दुसरा. ती बराच वेळ मातीवर तळवा ठेवून बसली. तासरिपने पाणी आणून दिलं, ते तिने मातीवरच ओतलं. मग तिने मुझनाला जवळ बोलावलं आणि हळूच, काहीतरी लाजिरवाणं विचारावं तसं विचारलं, "पोरी, याला कशात गुंडाळलं होतं? आमच्याकडे पाटलाला सुद्धा चटईत पुरलं. मला खरं सांग, मी काही म्हणणार नाही."

मुझनाने बापाला विचारलं.

"पांढऱ्या मांजरपाटात," फरज म्हणाला. "कोऱ्या."

"तुकड्यात?"

"तुकड्यात कशाला? तीन कापडं. पुरुषाला तीन लागतात."

म्हातारीने मुझनाकडे पाहिलं, की भाषांतरात काही चुकलं तर नाही. मुझना काही बोलायच्या आत फरज स्वतःच तिच्यासमोर उकिडवा बसला. आपल्या मोडक्या जावानीत, तीन बोटं वर करून, दुकानात सांगायचा तसा सांगू लागला: एक कमरेपासून खाली, एक खांद्यापासून, आणि एक डोक्यापासून पायापर्यंत, सगळ्याच्या वरून. रुंदीत कमी नाही, लांबीत कमी नाही. पायाची बोटं नीट झाकली होती.

"पुन्हा सांगा," म्हातारी म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं.